ओमीचा खांदा आणि काकांचे साचे

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. मॅचहून आल्यावर धुवायचे राहिलेले मोजे बॅगेत जसे साठत जातात, तसे हे साठतात. एक दिवस बॅग उघडावी, तर सगळे एकदम अंगावर! लंडनमध्ये एजवेअरच्या गणपतीत जा, पिनरला कुणाच्या बारशाला जा, कोणी ना कोणी म्हणतंच, "मंदार, तो ओमीचा किस्सा सांग ना." मग मी सांगतो. सांगून सांगून खरं तर आता कंटाळा आलाय. गुडघे दुखतात, उभ्यानं सांगवत नाही. खुर्ची देणार असाल आणि चहा येणार असेल, तर बसून सांगतो.

ओमी म्हणजे ओंकार देवधर. जन्म पिनरचा, शाळा पिनरची, आणि आमच्या अख्ख्या मराठी गोतावळ्यातला एकमेव प्रोफेशनल क्वार्टरबॅक. अमेरिकन फुटबॉल, बरं का. हेल्मेट घालून, खांद्यावर पॅड चढवून एकमेकांच्या अंगावर धावून जातात, तो. क्वार्टरबॅक म्हणजे मागे उभा राहून बॉल फेकणारा, आणि ज्याला पाडायला समोरची टीम टपून बसलेली असते असा माणूस. मी त्याचा सेंटर. म्हणजे त्याच्यापुढे वाकून, दोन पायांमधून त्याला बॉल द्यायचा, आणि मग समोरून जे काही येईल ते अंगावर घ्यायचं.

ओमीला आयुष्यात दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, प्रो व्हायचं. दोन, बाबांनी एकदा तरी मॅच बघायला यायचं. पहिली झाली. दुसरीचं शेवटी सांगतो.

*

मी पुण्याहून ब्रिस्टलला आलो तो विमानाच्या इंजिनांत पीएचडी करायला. दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं. मोबाईलला बटणं होती, आणि माझ्या मापाची पँट दुकानात मिळत नव्हती. युनिव्हर्सिटीत पहिल्याच आठवड्यात सगळ्या क्लबांचे स्टॉल लागतात. मी बुद्धिबळाचा शोधत होतो. तेवढ्यात गॅरी नावाच्या एका दांडग्या गोऱ्या पोरानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि ओरडला, "सापडला!" माझ्या आकाराकडे बघून कोणी इतकं खूश व्हायची ती पहिलीच वेळ. मी तिथल्या तिथे नाव नोंदवून टाकलं.

पहिल्या प्रॅक्टिसला एक उंच, सडसडीत पोरगा माझ्यापाशी आला. हाच ओमी, तिथेच डिग्रीला होता. "काका, तुम्ही मराठी?"

काका! मी चोवीस वर्षांचा!

"दादा म्हण," मी म्हणालो.

"सॉरी, काका."

आता सेंटर बॉल देतो तेव्हा क्वार्टरबॅकला त्याच्या बुडाखाली दोन्ही हात धरावे लागतात. त्याला इलाज नाही, खेळच तसा आहे. पण ह्या पोराला आईनं शिकवलेलं, मोठ्यांना अहो म्हणायचं, सणासुदीला पाया पडायचं. मी वाकलोय, पाऊस पडतोय, टीम खोळंबलीय, आणि मागून आवाज येतो, "अहो मंदारकाका, मी आता हात... ठेवू का?"

"ठेव बाबा ठेव! भिजतोय इथे!"

आठवड्याभरात त्याचं "ए मंद्या" सुरू झालं. हात तिथे गेल्यावर अहोजाहो काय टिकणार!

*

मॅच म्हणजे मोठा थाटमाट असेल असं तुम्हाला वाटत असेल. छे हो! मिनीबसमध्ये कोंबून तासन्‌तास जायचं. मैदान रग्बीचं, आमच्या रेघा आम्हीच मारायच्या. अँब्युलन्स आली नाही तर मॅच रद्द, मग तितकेच तास परत. प्रेक्षक म्हणाल तर कुणाची तरी कुडकुडणारी गर्लफ्रेंड, कुत्रं फिरवायला आलेले एक आजोबा आणि देवधरकाकू. काकू, म्हणजे ओमीची आई, दर मॅचला पिनरहून यायच्या. लाल शाल, घडीची खुर्ची आणि डबा. खेळातलं त्यांना ओ की ठो कळायचं नाही, पण ओमी पडला की त्या उभ्या राहायच्या आणि उठला की बसायच्या.

ह्या खेळात आयत्या वेळी चाल बदलायची असली, तर क्वार्टरबॅक ती सगळ्यांदेखत ओरडून सांगतो. समोरच्यांना कळू नये म्हणून टीम गुप्त खुणा पाठ करतात. आमची टीम कसली पाठ करतेय! शेवटी ओमीनंच डोकं लढवलं. सरळ मराठीतच ओरडायचं! "डावीकडे! तीनवर!" म्हणजे बॉल डावीकडे जाणार, तिसऱ्या हाकेला. गॅरीसकट सगळ्या गोऱ्यांनी डावीकडे, उजवीकडे, लांब आणि पाचपर्यंत आकडे घोकले. झाली की गुप्त भाषा. त्या हिवाळ्यात आम्ही सुटलो होतो नुसते.

मग एकदा वेल्सकडच्या एका टीमशी मॅच होती. ओमी "डावीकडे" म्हणाला की ते आधीच डावीकडे. "लांब" म्हणाला की त्यांचा माणूस लांब पळत सुटलेला. ओमीला असा बदडला की विचारू नका. मला तर वाटलं, ह्यांनी आमच्या मिनीबसमध्येच कुणी हेर बसवलाय.

मॅच संपली. त्यांच्या बाजूनं लोकरीची टोपी घातलेले एक ठेंगणे गृहस्थ निघाले ते तडक काकूंच्या खुर्चीपाशी. त्यांचे मॅचचे डॉक्टर. मूळचे नागपूरचे.

"वहिनी, थालीपीठ आहे का हो ते?"

ओमी भडकला. "डॉक्टर, तुम्ही सगळं सांगितलं त्यांना! That's not fair!"

डॉक्टरांनी आधी घास गिळला. "आता एवढ्या मोठ्यानं मराठी बोलाल तर माणूस ऐकणारच ना बाप्पा! किती महिने झाले, कानावर शब्द नाही पडला. पहिला अर्धा तास तर मी नुसता ऐकतच बसलो होतो."

ओमीचा राग तिथेच विरघळला. काकूंनी उरलेला डबा डॉक्टरांच्या हातात दिला, आणि आम्ही घरापर्यंत उपाशी.

*

आता देवधरकाका. ओमीचे बाबा. दातांचे डॉक्टर. पिनरला घराच्याच खालच्या मजल्यावर त्यांची सर्जरी, म्हणजे दवाखाना. माणूस इतका अबोल की काकू म्हणायच्या, "ह्यांचा लग्नाला होकारसुद्धा सासूबाईंनीच कळवला." मॅचला चला म्हटलं की मात्र एकच उत्तर यायचं. तरुणपणी त्यांनी हॉस्पिटलमध्ये मोडलेले जबडे सांधायचं काम केलं होतं. "तुम्हाला तिथे खेळ दिसतो. मला जबडे दिसतात." विषय संपला.

पण एकदा त्यांनी ओमीचं गमशील्ड पाहिलं. दात वाचवायला तोंडात घालतात ना, ते रबरी कवच. दुकानातलं, गरम पाण्यात बुडवून चावायचं, तसलं. काका असे संतापले की पोरगा पिऊन घरी आला असता तरी इतके संतापले नसते. त्यात ओमीनं सांगितलं की सगळी टीम हेच वापरते. काकांची झोपच उडाली. म्हणाले, "सगळ्यांना घेऊन ये."

झालं, दर सीझनच्या आधी आमची मिनीबस पिनरला. वर काकूंचे पोहे, खाली काकांची खुर्ची. मापाचं गमशील्ड करायला दातांचा साचा लागतो, म्हणून ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरून तो तोंडात दाबायचा आणि घट्ट होईपर्यंत गप्प बसायचं. बोलता येत नाही, हलता येत नाही. आणि नेमका इथेच काकांना कंठ फुटायचा! समोरचा उत्तर देऊ शकत नाही म्हटल्यावर हा मुखदुर्बळ माणूस घडाघडा बोलायला लागायचा. गॅरीला फिझी ड्रिंक्सवरून असं झापलं की त्या पहाडासारख्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाले, "मंदार, वजन कमी कर. आईला दर रविवारी फोन कर. आणि त्या कोथरूडच्या मुलीला काय ते एकदाचं सांगून टाक, ताटकळत ठेवू नकोस." मी नुसता आँ आँ करतोय! कोथरूडच्या मुलीचं ह्यांना कुणी सांगितलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. ट्रे निघाला की काका पुन्हा चिडीचूप. "नेक्स्ट."

ओमीचा साचा ते सगळ्यांत शेवटी घ्यायचे. आणि तेव्हा मात्र एक अक्षर बोलायचे नाहीत. लगदा घट्ट होईपर्यंत खिडकीबाहेर बघत उभे.

परतताना ओमी एकदा मला म्हणाला, "मंद्या, everyone gets a lecture. मला का नाही?"



*

दसऱ्याचं ऐका. दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो. काकूंनी ओमीचं हेल्मेट पाटावर मांडलं, हळद वाहिली, मधोमध कुंकवाचं चांगलं ठसठशीत बोट ओढलं, वर झेंडूचं फूल. फूल काढायची आठवण ओमीला राहिली. कुंकू तसंच.

दोन दिवसांनी मॅच. इंग्लंडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या दहा मिनिटांत ते कुंकू ओघळून ओमीच्या कपाळावरून नाकावर, नाकावरून गालावर! रेफरीनं शिट्टी मारली. रक्त दिसलं की खेळाडूला बाहेर काढायचं, असा नियम. फर्स्ट एडवाली धावत आली, पोराचं डोकं चाचपून चाचपून पाहतेय. जखम सापडेना, आणि लाल तर वाहतंच आहे. ती बिचारी पांढरी पडली.

शेवटी रेफरीनं मला बाजूला घेतलं. "हे नक्की काय आहे?"

काय सांगायचं? "सर, त्याच्या आईनं लावलंय."

"आई आलीय इथे?"

"ती काय, लाल शालवाली."

रेफरीनं तिकडे पाहिलं. काकू उभ्या होत्या. ओमी उठून उभा असूनही त्या बसल्या नव्हत्या, म्हणजे मामला गंभीर. रेफरीनं क्षणभर विचार केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पुसायचं तू सांग तिला. मी नाही सांगणार."

*

ओमीची डिग्री झाली त्या सप्टेंबरात जर्मनीतल्या एका छोट्या गावच्या क्लबचा ईमेल आला. गावाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, तेव्हा जाऊ द्या. तिथे अमेरिकन खेळाडू मोजकेच घेता येत, पण ब्रिटिश पासपोर्टवाला त्यात धरत नसत. म्हणून त्यांना ओमी हवा होता. प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्ट! शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणाले.

ओमी नाचत स्वयंपाकघरात गेला. काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पितृपक्ष चालू आहे. घटस्थापना झाली की बघू."

"आई! They are Germans!"

"मग? जर्मनांना पितर नसतात?"

काका पेपरामागे. पेपर हलला नाही.

आता क्लबला काय कळवायचं? माझे वाडवडील पंधरवडाभर जेवायला आलेत? ओमीनं लिहिलं, "मला थोडा वेळ हवा आहे." बस. क्लबचं उत्तर आलं, फ्लॅट देतो. ओमी गप्प. पुन्हा ईमेल आला, फ्लॅटला हीटिंग चांगलं आहे. ओमी गप्प, नखं खात. मग आला, गाडी देतो! घटस्थापनेला सकाळी काकूंनी हातावर दही ठेवलं, तेव्हा कुठे पठ्ठ्यानं होकार पाठवला.

पुढे मी तिकडे गेलो तेव्हा तो क्लबचा मॅनेजर मला म्हणाला, "इतक्या खेळाडूंशी बोलणी केली, पण असा थंड डोक्याचा सौदा करणारा नाही पाहिला. त्याचा एजंट कोण आहे?"

मी म्हणालो, "त्याचे आजोबा. पण ते वारले."

*

तिकडे गेलो ते काकूंना घेऊन. मी तोवर खेळणं सोडलं होतं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. काका आले नाहीत. "पेशंट आहेत," म्हणाले. रविवारच्या मॅचला कसले पेशंट?

बेकरीच्या वरती फ्लॅट. बेकरीच्या काचेवर ओमीचा फोटो. क्लबनं दिलेली गाडी लाल, आणि तिच्यावर गावच्या खाटकाची जाहिरात. पण चेंजिंग रूममध्ये गेलो आणि माझा ऊर भरून आला. एका आजीबाईंनी सगळ्यांचे मोजे धुऊन, जोड्या लावून, नावानिशी ठेवले होते. प्रोफेशनल म्हणजे काय ते मला तिथे कळलं. मोजे दुसरं कोणी धुतं!

स्टेडियम छोटंसं, पण भरलेलं. ओमीनं बॉल फेकला की लोक त्याच्या नावानं ओरडत. काकू पदरात तोंड लपवून रडल्या. आमच्याकडे तिकिटं होती तीन. काका येणार नाहीत हे ओमीला आधीच सांगितलं होतं, तरी तिकिटं तीनच. काकूंनी मधल्या खुर्चीवर पर्स आणि डबा ठेवला होता. दर थोड्या वेळानं ओमी स्टँडकडे बघायचा, आणि त्याची नजर त्या डब्यावर जाऊन परत यायची.

मॅच जिंकली. फ्लॅटवर काकूंनी पिठलं-भात केला. आम्ही जेवायला बसलो आणि काकूंचा हात थांबला.

"डाव्या हातानं जेवतोयस?"

"इथे सगळे असंच खातात, आई."

"सगळ्यांचं सांगू नकोस. उजवा हात वर कर बघू."

ओमीनं करून पाहिला. छातीच्या वर गेला नाही. गेले दोन महिने तो औषधं घेऊन खेळत होता. कोचला माहीत नाही, डॉक्टरला अर्धंच माहीत. ज्या खांद्यावर सगळं उभं, तोच चाललेला. "बाबांना नको सांगू," म्हणाला. "They'll say I told you so."

"ते काय बोलतायत!" काकू म्हणाल्या. "बोलले असते तर आणखी काय हवं होतं!" आणि त्यांनी त्याला भात कालवून दिला. एवढा बाप्या माणूस, आईच्या हातून जेवला.

*

दुसऱ्या सीझनच्या मध्यावर खांदा संपला. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, कप कपाटात ठेवता येईल, बॉल फेकता येणार नाही. क्लब भला. हार घालून, फोटो काढून निरोप दिला. मी त्याला आणायला स्टॅन्स्टेडच्या विमानतळावर गेलो. बॅग केवढीशी, आणि मोजे धुतलेले.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "मंद्या, एक मॅच तरी बघायला पाहिजे होती ना बाबांनी. आता बघायला काही उरलंच नाही."

मी वायपर लावले. पाऊस नव्हता.

पिनरला काकूंनी त्याच्या आवडीचं सगळं केलेलं. काका टेबलाशी बसले होते, पण हूं की चूं नाही. जेवून झालं तसे उठून खाली गेले. थोड्या वेळानं जिन्यातून हाक आली.

"ओंकार, खाली ये. मंदार, तूही ये."

रविवार. सर्जरी बंद. काका पांढरा कोट घालून उभे, आणि वाटीत गुलाबी लगदा कालवताहेत! काकू जिन्यातूनच ओरडल्या, "अहो, आता गमशील्ड कशाला? बैल गेला नि झोपा केला!"

काकांनी उत्तर दिलं नाही. "आ कर."

ओमीनं माझ्याकडे पाहिलं. दमला होता बिचारा, वाद घालायची ताकद नव्हती. आ केला. ट्रे आत गेला. काका नेहमीसारखे खिडकीकडे वळले. मला वाटलं, झालं, आता बघत बसणार बाहेर.

पण ते परत वळले.

"तुला आता बोलता येणार नाही, म्हणून मी बोलतो," काका म्हणाले. "तुझी एकही मॅच मी पाहिली नाही. मला भीती वाटायची. दर वर्षी तू ह्या खुर्चीत बसायचास, आणि मी स्वतःला बजावायचो, आज तोंड उघडायचं नाही. उघडलं असतं तर 'जाऊ नकोस' एवढंच बाहेर पडलं असतं. आणि तू गुणी मुलगा. ऐकलं असतंस."

ओमीच्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं. खुर्ची आडवी होती ना. त्यानं ते पुसलं नाही. जिन्यात काकू खाली बसल्या.

"आता मला बघायचंय," काका म्हणाले. "मागच्या पार्कात. डाव्या हातानं फेक. दोन फुटांवर पडला तरी चालेल. मी उभा राहून बघणार. पण गमशील्ड घालून."

मग नेहमीसारखं बोट लावून पाहिलं, ट्रे काढला, उजेडात धरला. "छान आलाय."

ओमीनं तोंड धुतलं. बराच वेळ धूतच राहिला. मग नाक ओढत म्हणाला, "पण बाबा, हा गेम एकट्यानं खेळता येत नाही. बॉल द्यायला कोणीतरी लागतो."

काकांनी खालचा ड्रॉवर उघडला, सगळ्यांत मोठ्या मापाचा ट्रे काढला आणि माझ्याकडे वळले.

"बस."

माझे गुडघे गेलेत, पळायचं तर सोडाच पण वाकायचंही नाही असं सर्जननं बजावलंय, हे सगळं मी सांगणारच होतो. पण तोवर ट्रे तोंडात गेला होता.